काना दोनदा उमटतो तेव्हा

‘कामगार’ लिहायला जावे आणि पडद्यावर ‘काामगाार’ उमटावे. बॅकस्पेस मारून जादा काना खोडावा, तर पुढच्याच शब्दात तो पुन्हा जोडीने हजर. असा कीबोर्ड दुरुस्तीला येतो तेव्हा कुणी फॉन्टला शिव्या घातलेल्या असतात, कुणी विंडोज नव्याने टाकून पाहिलेले असते. जाणकार दुरुस्तीवाला मात्र सरळ इंग्रजी ‘ई’च्या बटणाकडे बघतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत काना तिथे आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारे अक्षरही तेच. दोन्ही भाषांत टंकलेखन चालणाऱ्या कचेरीत या कळीला सुट्टी म्हणून नसते.

हा कीबोर्ड बहुतेक वेळा ‘टीव्हीएस गोल्ड’ असतो. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचे हे जाडजूड, कटकट वाजणारे उत्पादन बँकांच्या काउंटरवर, डीटीपीच्या दुकानांत आणि टायपिंगच्या वर्गांत वर्षानुवर्षे नांदले. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला मऊ रबरी कीबोर्ड पचनी पडत नाही; बोटाला काहीतरी उत्तर लागते. ते उत्तर गोल्डमध्ये चेरी या कंपनीचा निळा स्विच देतो.

या स्विचचे पोट उघडून पाहण्यासारखे आहे. आत निळा दांडा, त्याच्यावर सैलसर बसवलेला पांढरा तुकडा, खाली स्प्रिंग आणि बाजूला पितळी दिसणारी बारीक पट्टी. कळ दाबली की पांढरा तुकडा पट्टीच्या उंचवट्यावर अडतो, आणि दाब वाढला की झटक्यात खाली आपटतो. तोच तो ‘टक्’. त्याच झटक्यात पट्टी मोकळी होऊन समोरच्या पट्टीला टेकते आणि अक्षर उमटते. एकूण प्रवास ४ मिलिमीटर. अक्षर मात्र सव्वादोनच्या आसपासच नोंदले जाते, म्हणून सराईत टंकलेखक कळ तळाला नेतच नाही. पट्ट्या टेकतात तिथे सोन्याचा अंश असतो, कारण सोने गंजत नाही. कंपनी एका स्विचला ५ कोटी दाबांचे आयुष्य सांगते.

मग बिघडते काय? धूळ. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले की क्षणभर थरथरतात. कीबोर्डमधली चिप ही थरथर ओळखून काही मिलिसेकंद थांबते आणि एकच अक्षर मोजते. टेकण्याच्या जागी कचरा किंवा झीज असली की थरथर लांबते, चिपचा संयम संपतो आणि ती दोन काने पाठवते. कचरा आणखी साचला की ‘टक्’ ऐकू येतो, पण काना येतच नाही.

निदान चिमट्याने होते. कीबोर्ड जोडलेला ठेवून मागच्या बाजूने त्या स्विचचे दोन टाके चिमट्याने एकमेकांना भिडवायचे. अक्षर उमटले तर दोष स्विचचा. नाही उमटले तर बोर्डावरच्या रेषेचा किंवा चिपचा. शेजारच्या चार-पाच कळी एकदमच गप्प झाल्या असतील, तर स्विच उघडत बसणे व्यर्थ, कारण चिप कळी एकेकट्या वाचत नाही, आडव्या-उभ्या जाळ्यातून वाचते.

दोष स्विचचा निघाला, तर आधी टोपी उपटून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे, कळ भराभर दाबायची आणि वाळू द्यायचे. बिजागरीचे तेल फवारण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा तवंग राहतो आणि पुढच्या महिन्याची धूळ त्यालाच चिकटते. अल्कोहोलने भागले नाही, तर डिसोल्डर पंपाने टाके उपसून स्विच काढायचा. नवा कुठून आणायचा? समोरच आहे. ‘स्क्रोल लॉक’ची कळ कुणी दाबत नाही. तिचा स्विच दहा वर्षांनंतरही कोरा असतो आणि तो ‘ई’च्या स्विचशी हुबेहूब जुळतो. दोघांची अदलाबदल केली की काना जागेवर येतो. कीबोर्ड आपला सुटा भाग स्वतःच सांभाळून असतो, ही या यंत्राची सर्वांत मोठी शहाणीव.

अडचणी याच्या पुढच्या. जुन्या बोर्डावर डिसोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकले तर तांब्याची चकती उखडते, मग बारीक तार ओढून रेषा नव्याने जोडावी लागते. चहा सांडला असेल तर साखर एका स्विचवर थांबत नाही. दहा-बारा कळींत उतरते. बऱ्याच जुन्या नगांना पीएस-टू प्लग असतो आणि नव्या संगणकांना बहुधा ते भोक नसते. साधी पिन बदलून भागत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. सर्वांत मोठी अडचण हिशेबाची. एका कळीसाठी तासभर वाकून बसलेल्या कारागिराला रास्त मजुरी द्यायची, तर त्यात किंचित भर घालून नवा रबरी कीबोर्ड येतो. देखभालीचा करार असलेल्या कचेऱ्या तेच करतात, आणि एका कान्यापायी शंभरावर चांगले स्विच भंगारात जातात.

कपाटावर असा बंद गोल्ड पडला असेल, तर तो किलोवर विकू नका. चिप मेली असली तरी स्विच जिवंत असतात. जवळच्या दुरुस्तीवाल्याला तो फुकट द्या. दुसऱ्या कुणाचे दहा-बारा ‘ई’ त्यातून उभे राहतील.