पळते झकास, पण थांबते कशी?

पिकअप किती, टॉप स्पीड किती... गाडीवेड्या दोस्तांच्या गप्पा इथे सुरू होतात आणि इथेच संपतात. ‘थांबते कशी?’ हे कुणी विचारतच नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र हा जिवाचा सवाल आहे, बॉस!

तिथला राजा म्हणजे ‘टॉप फ्युएल’ ड्रॅगस्टर. नायट्रोमिथेन पिऊन धावणारं हे लांबुडकं धूड चार सेकंदांच्या आत ताशी 500 किलोमीटरच्या पुढे जातं. तुम्ही एक जांभई द्या, रेस खल्लास! खरी धडधड त्यानंतरची. एवढ्या वेगात नुसत्या ब्रेकवर भागत नाही. म्हणून फिनिश लाइनपाशी ड्रायव्हर पॅराशूट सोडतो. एक नाही, दोन. ते फुलले की पट्ट्यांनी करकचून बांधलेलं शरीरही पुढे फेकलं जातं. ‘बिग डॅडी’ डॉन गार्लिट्ससारख्या दिग्गजाच्या डोळ्याचा पडदा या झटक्यांनी सरकला आणि 1992 मध्ये त्याला रेसिंग थांबवावं लागलं. वेग उतरला, की मग कार्बन फायबरचे ब्रेक. तरीही गाडी आवरली नाही, तर पुढे वाळू आणि जाळी.

आणि पॅराशूटनीच दगा दिला तर?

21 जून 2008, न्यू जर्सीतलं इंग्लिशटाउन. 1994 आणि 1995 चा टॉप फ्युएल चॅम्पियन स्कॉट कलिटा क्वालिफाइंगला उतरला होता. या वेळी ‘फनी कार’ घेऊन. फिनिश लाइनजवळ इंजिन फुटलं, आग लागली, पॅराशूट नीट उघडलेच नाहीत. वाळूही गाडीला थोपवू शकली नाही. 46 वर्षांचा स्कॉट गेला.

हा ट्रॅक 1965 चा. गाड्यांचा वेग वर्षागणिक वाढत गेला, पण ट्रॅकपुढची जागा काही रबरासारखी ताणता येत नाही. मग ‘एनएचआरए’ या संघटनेनं उलटा हिशेब केला. जागा वाढत नाही ना? मग रेसच छोटी करा! पाव मैल, म्हणजे 1320 फुटांऐवजी 1000 फूट. थांबायला जवळजवळ 100 मीटर जास्त मिळाले. शिवाय इंजिन फुटताच इंधन आपोआप बंद करून पॅराशूट सोडणारी यंत्रणाही आली.

पाव मैलावर जीव टाकणारे जुने फॅन्स यावर जाम वैतागले. बदल तात्पुरता आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. इंग्लिशटाउनमधलं ड्रॅग रेसिंग 2018 मध्ये बंद झालं. टॉप फ्युएल आणि फनी कार मात्र आजही हजार फुटांवरच धावतात.