ट्रमाडॉल : आराम किती, किंमत किती?

वस्तीत आरोग्याचे काम करताना घरोघरी आमच्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली जाते. तिच्यात जुन्या चिठ्ठ्या, एखादा एक्स-रे आणि अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे असतात. कंबर, गुडघे, मणका. रस्ते झाडणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या माणसांच्या या पिशवीत ट्रमाडॉल हे नाव आम्हाला वारंवार दिसते. त्याबद्दल ऐकू येणारी मते मात्र दोन टोकांची असतात. 'ती नशेची गोळी आहे, हात लावू नका' हे एक, आणि 'डॉक्टरांनीच दिली आहे, मग काय होतंय?' हे दुसरे. आमच्या मते दोन्हींमुळे रुग्णाचेच नुकसान होते.

ट्रमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचे, पण त्याहून बरेच सौम्य वेदनाशामक आहे. त्याचा मोठा परिणाम यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावर होतो आणि हे रूपांतर प्रत्येक शरीरात सारखे होत नाही. म्हणूनच एकाच मात्रेने एकीला काहीच फरक पडत नाही, तर दुसरी दिवसभर गुंगीत राहते. शेजारणीची गोळी मागून घेऊ नये, त्याचे खरे कारण हे आहे. गैरवापर वाढल्याने एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने हे औषध एनडीपीएस कायद्याखाली आणले. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही.

मळमळ, चक्कर, झोप, घाम हे त्रास सुरुवातीला होतात आणि अनेकांच्या बाबतीत काही दिवसांत कमी होतात. बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत टिकू शकते. लाजेने बायका ती डॉक्टरांना सांगत नाहीत आणि परस्पर गोळीच सोडून देतात. मोठ्या मात्रेत फिट येण्याचा धोका असतो. नैराश्याच्या काही गोळ्या सोबत चालू असतील तर तो वाढतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ट्रमाडॉलच्या अनेक गोळ्यांमध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की यकृतावर दुहेरी भार पडतो.

मग डायक्लोफिनॅकसारखी 'साधी' गोळी बरी का? नाही. ती रोज वर्षानुवर्षे घेतल्यास जठरात रक्तस्राव, वाढता रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे नुकसान होऊ शकते. कामाच्या ठिकाणी शौचालय नाही म्हणून पाणीच न पिणारी, उन्हात राबणारी आणि बीपीची गोळी घेणारी बाई या धोक्याच्या सर्वांत जवळ असते. नशा होत नाही म्हणजे गोळी निरुपद्रवी आहे, असा अर्थ निघत नाही.

म्हणून 'दुखणे थांबले का' एवढेच विचारून भागत नाही. गोळीमुळे जिना चढता येतो का, रात्री झोप लागते का, नातवाला उचलता येते का? यातले काहीच सुधारत नसेल आणि मात्रा मात्र वाढत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. पण फक्त कामावर जाता यावे म्हणून गोळी लागत असेल, तर प्रश्न गोळीचा उरत नाही. मुकादमाने हलके काम द्यायला हवे, झाडूचा दांडा लांब हवा, हा मुद्दा डॉक्टरांपुढे नव्हे, युनियनमध्ये मांडायचा आहे.

काही ज्येष्ठ उपासक-उपासिका पाचव्या शीलाचा हवाला देऊन गोळी नाकारतात किंवा लपवून घेतात. ते शील प्रमादाला कारण ठरणाऱ्या नशेविषयी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात तर भेसज्जक्खन्धक हा संपूर्ण विभाग भिक्खूंच्या औषधांविषयी आहे. आजारी माणसाने ठरलेल्या मात्रेत औषध घेण्यात अपराध वाटण्यासारखे काही नाही.

या अपराधभावातूनच कोणी गोळी एका दिवसात बंद करते आणि तिथे गडबड होते. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. अचानक थांबवल्यास घाम, बेचैनी, जुलाब, निद्रानाश सुरू होतो, दुखणेही उसळते. घरचे म्हणतात, व्यसन लागले. सवय आणि व्यसन यांत फरक आहे. व्यसनी माणूस नुकसान होत असतानाही गोळीच्या मागे धावतो, सवय मात्र नेमाने औषध घेणाऱ्या कोणालाही होऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवली की ती सुटते.

तपासणीला जाताना कार्यकर्त्यांनी ती पिशवी सगळीच्या सगळी सोबत न्यावी. त्यात मानसोपचाराच्या, बीपीच्या, साखरेच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही असाव्यात. दारूचे विचारले तर खरे सांगावे. क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी झाली, हेही विचारून घ्यावे. गोळी घेतल्यावर रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास अगदी मंद वाटत असेल किंवा फिट आली, तर सकाळपर्यंत थांबू नये, लगेच १०८ ला फोन करावा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत घ्यावे.