शहरावरचें आकाश आणि त्याचे नियम

सन १९७७ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस न्यूयॉर्क येथील पॅन ॲम नांवाच्या ५९ मजली इमारतीच्या गच्चीवर प्रवासी घेण्यासाठीं उभें असलेलें एक हेलिकॉप्टर चाकाचा आधार मोडल्यामुळें एकाएकीं कलंडलें. फिरत्या पात्यांनीं गच्चीवरील चौघांचा बळी घेतला. आणि तुटलेल्या पात्याचा तुकडा खालीं रस्त्यावर पडून आपल्या वाटेनें चाललेली एक स्त्री प्राणास मुकली. गच्चीवरचा तो तळ त्यानंतर कायमचा बंद झाला. त्या स्त्रीचा व त्या उड्डाणाचा कांहींएक संबंध नव्हता. शहरावरील उड्डाणाचे नियम बऱ्याच अंशीं अशा वाटसरूंसाठींच आहेत, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे ते समजण्यास सोपे जातात.

अमेरिकेंत दाट वस्तीवरून जाणाऱ्या विमानानें सभोंवारच्या २००० फूट त्रिज्येंतील सर्वांत उंच अडथळ्याहून निदान १००० फूट वर राहावें, असा दंडक आहे. हेलिकॉप्टरला यांत सवलत आहे. खालील जीवितास व मालमत्तेस धोका नसेल आणि नेमलेले मार्ग व उंची पाळली जात असेल, तर तें याहून खालून जाऊं शकतें. कारण एंजिन बंद पडलें तरी उतरतांना खालून येणाऱ्या वाऱ्यानें त्याचा पंखा फिरत राहतो, आणि कुशल वैमानिक तें लहानशा मोकळ्या जागेंत उतरवूं शकतो.

हडसन नदीवरील व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. तेथें १३०० फुटांपासून वर नियंत्रकाच्या स्पष्ट अनुज्ञेवांचून कोणासहि शिरतां येत नाहीं. त्याखालीं अशी अनुज्ञा लागत नाहीं. वैमानिकांनीं रेडिओवरून आपला ठावठिकाणा एकमेकांस कळवावयाचा असतो. ८ ऑगस्ट २००९ रोजीं याच पट्ट्यांत एक लहान विमान व एक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ माणसें दगावलीं. पूर्वीं जें केवळ शिफारशीचें होतें, तें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सक्तीचें झालें. नुसतें पार जाणाऱ्यांनीं १००० ते १३०० फुटांत राहावें, नदीवरच घिरट्या घालणाऱ्यांनीं त्याखालीं. उत्तरेस जातांना पूर्वतीर धरावा, दक्षिणेस जातांना पश्चिमतीर. वेग ताशीं १४० सागरी मैलांहून अधिक नसावा.

परंतु एका नियमांतून हेलिकॉप्टरहि सुटलेलें नाहीं. एंजिन बंद पडल्यास खालील माणसांस इजा न करतां उतरतां येईल, इतकी उंची वैमानिकानें सदैव राखलीच पाहिजे. अनुज्ञा नियंत्रकाकडे मागावयाची असली, तरी उत्तरदायित्व रस्त्यावरच्या माणसाशीं आहे.