डोंबिवली ते टोकियो : अंतर किती?

आमच्या डोंबिवलीत पूर्वी ‘मुलगा लांब असतो’ म्हटले, की तो फार तर नागपूरला असे. आता शेजारच्या काकूंचा मुलगा टोकियोला आहे. परवा चकलीचा सोऱ्या पुसता पुसता त्यांनी विचारले, “सर, टोकियो म्हणजे नेमकं किती लांब हो?”

मराठी शिकविणाऱ्याची फजिती व्हायला एवढे पुरे! मी कॉलेजातून पृथ्वीचा गोल आणला आणि मुंबईपासून टोकियोपर्यंत दोरा ताणला. अंतर भरते सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. गंमत अशी, की भिंतीवरच्या नकाशात पट्टीने आखलेली रेघ हा जवळचा रस्ता नव्हेच. गोलावरचा दोरा उत्तरेकडे झुकून पूर्व हिमालय आणि तिबेट यांवरून जातो. पण विमाने सहसा तोही रस्ता धरीत नाहीत. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावे लागते. आणि तिबेटचे पठारच त्याहून उंच! म्हणून थोडा वळसा पत्करतात.

आता वेळ. थेट विमानाला जाताना सुमारे आठ तास लागतात आणि येताना साडेनऊ ते दहा. रस्ता तोच, मग हा फरक का? तर वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात तर फारच. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून तो टिपला होता. परंतु अहवाल लिहिला एस्पेरान्तो भाषेत, त्यामुळे जगाचे तिकडे फारसे लक्षच गेले नाही.

काकू म्हणाल्या, “म्हणजे तिकडे जाताना वारा ढकलतो आणि घरी येताना अडवतो!” मग हळूच, “बोलावलं तर किती वेळात येईल?”

हा हिशेब गोलावर होईना. त्याच्या घरून विमानतळ, तेथे तीन तास आधी हजेरी, दहा तास आकाशात, मग सामान आणि पुढची मोटार. १८५३ साली पहिल्या आगगाडीने बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर सुमारे तासाभरात तोडले. आज सहारहून डोंबिवलीला यायला गर्दीच्या वेळी दोन तास सहज जातात. दारापासून दारापर्यंत सतरा-अठरा तास झाले. थेट विमान न मिळाले, तर दिवस उलटलाच.

काकू गप्प झाल्या. आषाढात काका पाय घसरून पडले, इस्पितळात होते. पण ‘उगाच त्याच्या जिवाला घोर नको’ म्हणून मुलाला आठ दिवस कळविलेच नव्हते. अठरा तासांची वाट त्यांनी स्वतःच आठ दिवसांची केली होती. अशी घरे आपल्या ठाणे-कल्याणकडे गल्लोगल्ली आहेत.

टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. हल्ली काकू दुपारी चारला फोन लावतात, तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असतात. आधी काकांचे रक्तदाबाचे आकडे सांगतात, आणि मग चकल्या कशा झाल्या ते.