आधी बातमीदार गेला, मग बातमी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि चर्चा झाली ती मुख्यतः कारखान्यांची. बातम्यांच्या वाहिन्यांत राबणाऱ्यांसाठीही त्यांत एक बदल होता. 'श्रमिक पत्रकार' या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकार पहिल्यांदा स्पष्टपणे आले. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. त्यात संपादकाला काढायचे तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकाराला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. वेतन मंडळाची तरतूद होती. मजिठिया मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या, त्याही वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांसाठीच. टीव्हीवाल्याला यातले काहीच लागू नव्हते. आज तो कायद्याच्या व्याख्येत आला आहे, पण १९५५ चा कायदा रद्द झाला आहे आणि वेतन मंडळाची तरतूद नव्या संहितांत नाही. पंगत उठल्यावर पान वाढावे तसा हा न्याय आहे. या उशिराची खरी किंमत समजून घ्यायची तर मधल्या काळात वाहिन्यांच्या न्यूजरूममधून कोण, कधी आणि कसे गेले हे पाहावे लागते. तसे पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. माणसे कमी करणे हा हिशेबखात्याचा निर्णय म्हणून सांगितला गेला, प्रत्यक्षात तो संपादकीय निर्णय होता. आपण वाहिन्यांच्या ज्या आरडाओरड्याला आज नावे ठेवतो, तो त्या निर्णयाचा परिणाम आहे.

सुरुवातीच्या काळावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्या आवाजांत आणि चेहऱ्यांत 'बातम्या' घराघरांत पोचल्या. त्या काळाच्या आठवणींचे गहिवर आता पुरेसे काढून झाले आहेत. तिथली बातमी सरकारच्या परवानगीने चालत होती, हे गहिवरात विसरले जाते. मग २००७ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' आल्या, २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' आली, पाठोपाठ आणखीही. ही भरतीची वर्षे होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून तरुण मुले-मुली बूम हातात घेऊन उभी राहिली, असाइनमेंट डेस्कवर पाळ्या लागल्या, ओबी व्हॅन तालुक्याच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. मराठी बातमीचा नकाशा मुंबई-पुण्याबाहेर पसरला, हे त्या वर्षांचे निर्विवाद श्रेय आहे. पण हा सगळा डोलारा करारावरच्या नेमणुकांवर उभा होता आणि जिल्ह्यातला स्ट्रिंजर तर बातमीमागे मिळणाऱ्या पैशांवर. मजबूत पाया घालण्याची वेळ होती तेव्हा तो घातला गेला नाही, आणि याबद्दल मालकांइतकेच तेव्हाचे संपादकही जबाबदार आहेत.

ज्या दशकाकडे थांबून पाहायला हवे ते २०१३ ते २०२२ हे. त्याची सुरुवात बंगालमध्ये झाली. एप्रिल २०१३ मध्ये शारदा चिटफंडाचा फुगा फुटला, त्यासोबत त्या समूहाच्या वाहिन्या आणि वृत्तपत्रे गडगडली आणि शेकडो पत्रकार रस्त्यावर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टीव्ही१८ समूहाने आपल्या इंग्रजी-हिंदी वाहिन्यांतून तीनशेहून अधिक जणांना नारळ दिला. नोएडाच्या फिल्मसिटीत पत्रकारांनी निदर्शने केली. ती निदर्शने कोणत्या वाहिनीवर दिसली? पाच वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाशी ताडून पाहा. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा गणवेशातले रडवेले कर्मचारी वाहिन्यांनी तासन्‌तास दाखवले, ते राज ठाकरे यांना भेटले हेही दाखवले, आणि एक-दोन दिवसांतच कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. कॅमेऱ्याच्या ताकदीचा याहून स्वच्छ पुरावा नाही. तीच ताकद २०१३ मध्ये स्वतःच्या सहकाऱ्यांसाठी वापरली गेली नाही. एका वाहिनीने दुसऱ्या वाहिनीतली कपात दाखवायची नाही, असा अलिखित सौजन्यकरार सगळ्यांनी पाळला. गिरणी कामगारांपासून अंगणवाडी सेविकांपर्यंत सगळ्यांच्या संघटनांना पडद्यावरून सल्ले देणाऱ्यांनी आपली संघटना मात्र बांधली नाही. पुढच्या दहा वर्षांत मालकांना जी निर्धास्तता लाभली, तिचे मूळ या मौनात आहे.

२०१४ च्या मे महिन्यात रिलायन्सने टीव्ही१८ ज्याचा भाग होता तो नेटवर्क१८ समूह ताब्यात घेण्याची घोषणा केली, जुलैत राजदीप सरदेसाई आणि सागरिका घोष बाहेर पडले, 'आयबीएन लोकमत'मधून निखिल वागळेही गेले. या राजीनाम्यांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे. तीनशे माणसे आधी गेली, नामवंत नंतर. ज्या न्यूजरूमने शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे जाणे गुपचूप गिळले, तिच्यात संपादकाच्या जाण्यावर आवाज उठवण्याचे बळ उरले नव्हते. मोठ्या चेहऱ्यांवर दबाव येतो तेव्हा त्याला तोंड देण्यासाठी मागे माणसांची फळी लागते. ती फळी हिशेबाच्या नावाने आधीच मोडलेली होती.

याचा आणखी नेमका पुरावा २०१८ च्या उन्हाळ्यातला आहे. छत्तीसगडमधल्या एका शेतकरी महिलेने पंतप्रधानांशी व्हिडिओ संवादात उत्पन्न दुप्पट झाल्याचे सांगितले. एबीपी न्यूजने बातमीदार तिच्या गावी पाठवला आणि तिला तसे बोलायला शिकवले गेले होते, अशी बातमी दाखवली. केंद्रीय मंत्र्यांनी वाहिनीवर जाहीर टीका केली. ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांतच संपादक मिलिंद खांडेकर आणि निवेदक पुण्यप्रसून वाजपेयी वाहिनीतून बाहेर पडले. या प्रकरणात सगळ्यांच्या लक्षात राहिले ते दोन राजीनामे. लक्षात राहायला हवे होते ते वेगळेच. सत्तेला टोचली ती स्टुडिओतली मल्लिनाथी नव्हती, गावात जाऊन प्रश्न विचारणारा बातमीदार टोचला. रात्री नऊच्या चर्चेत सरकारला कितीही शिव्या घातल्या तरी दुसरा प्रवक्ता त्या परतवून लावतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. गावातून आलेला बाईट असा परतवता येत नाही. म्हणूनच बातमीदार कमी करणे म्हणजे सेन्सॉरचे काम सेन्सॉर न बसवता करणे होय. त्यासाठी कुणी फोन करावा लागत नाही, फक्त ब्यूरो बंद करावा लागतो.

इथे एक जुना हिशेब चुकता केला पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२२ ला रवीश कुमार यांनी एनडीटीव्हीचा राजीनामा दिला तेव्हा पुरोगामी वर्तुळात एका युगाचा अंत झाल्याची भाषा सुरू झाली. त्या दुःखात खोटेपणा नव्हता. पण याच एनडीटीव्हीने २०१७ मध्ये मोबाईल पत्रकारितेकडे वळण्याचे कारण देत कॅमेरामन आणि तंत्रज्ञ कमी केले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मनुष्यबळात २५ टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली होती. तेव्हा या वर्तुळातून अवाक्षर निघाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये प्रवर्तकांच्या घरावर सीबीआयचे छापे पडले होते, त्यामुळे वाहिनीवर टीका करणे म्हणजे शत्रूला हातभार लावणे, असा युक्तिवाद होता. दबाव खरा होता. पण संस्थेची झळ कुणी सोसायची हे ठरवताना ती आधी कॅमेरामनच्या वाट्याला गेली, हेही तितकेच खरे. ज्यांच्या बाजूचे म्हणून आपण डोळे मिटतो, त्यांच्याकडेही नोकरकपातीची रीत तीच होती. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या कपिल सिब्बल यांच्या पाठबळावर जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली वाहिनी त्याच वर्षी लोकसभा निवडणूक संपताच गुंडाळली गेली आणि कर्मचारी थकलेल्या देण्यांसाठी भांडत राहिले. महाराष्ट्रात 'मी मराठी' वाहिनीमागे ज्यांचा पैसा होता त्या 'समृद्ध जीवन'च्या महेश मोतेवारांना डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. डाव्या, उजव्या, काँग्रेसी, चिटफंडी अशा कोणत्याही रंगाच्या मालकाकडे पत्रकाराच्या पगाराला बातमीच्या धंद्याचा आधार नव्हता. मालकाचे दुसरे गणित जुळेपर्यंतच तो चालू होता.

मग २०२० आले. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने आझाद मैदानात पत्रकारांची चाचणी घेतली, १७१ पैकी ५३ जण करोनाबाधित निघाले. त्यांत बहुसंख्य वाहिन्यांचे बातमीदार आणि कॅमेरामन होते. त्याच महिन्यात देशभर माध्यमांत पगारकपात आणि नोकरकपात सुरू झाली. बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नालिस्ट्ससह पत्रकारांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २७ एप्रिलला न्यायालयाने केंद्राला नोटीसही काढली, पण कपात थांबली नाही. वर्षाच्या उत्तरार्धात वाहिन्यांनी काय दाखवले ते सर्वांना माहीत आहे. एका अभिनेत्याच्या मृत्यूवर महिनोन्‌महिने खटला चालवला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या वार्तांकनावर कडक ताशेरे ओढले. स्थलांतरितांचे हाल, ऑक्सिजन, शाळा या बातम्यांना प्रवास, दिवस आणि माणसे लागतात. खटल्याला एक स्टुडिओ आणि घरून बोलणारे आठ पाहुणे पुरतात. पाहुणे जोडणारी मंडळी कामावर राहिली, गावात जाणारी राहिली नाहीत. म्हणजे पडद्यावर काय दिसणार हे कुणाला ठेवायचे या यादीतच ठरून गेले होते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. वाहिनीचे उत्पन्न जवळजवळ सगळे जाहिरातींवर, केबलवाल्यांना वाहिनी दाखवण्यासाठी उलट पैसे मोजावे लागत, २०१३ मध्ये तासाला बारा मिनिटांच्या जाहिरातमर्यादेची टांगती तलवारही होती. मग मालकाने करायचे काय? ही अडचण खोटी नाही. पण पैसा कमी होता म्हणून तो कुठून कापला हा प्रश्न उरतोच. ज्या वर्षांत ब्यूरो आटले त्याच वर्षांत भिंतभर एलईडी पडदे आले, निवडणुकीच्या रात्रीचे नेपथ्य सिनेमाला लाजवू लागले, दोन-तीन चेहऱ्यांचे पगार बाकीच्या मजल्याच्या पटीत गेले. टंचाई होती, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. शिवाय बातमीदार काढून वाहिन्या श्रीमंत झाल्या असेही झाले नाही. सगळ्यांकडे तीच चर्चा आणि तेच प्रवक्ते असल्यावर प्रेक्षकाने हीच वाहिनी का लावावी, याला उत्तर राहिले नाही. मग उरले ते टीआरपीचे युद्ध, आणि त्याचे पर्यवसान ऑक्टोबर २०२० च्या कथित टीआरपी घोटाळ्यात झाले. वृत्तवाहिन्यांचे आकडे त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष बंद होते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. चार माणसांचे काम आता एक बॅकपॅक आणि एक मोबाईल करतो. वाहिनी सोडलेले यूट्यूबवर अधिक मोकळे बोलतात. मग रडायचे कशाला? मोबाईलने कॅमेरा हलका झाला हे मान्य. पण त्याने बातमीदाराचे काम कमी झाले नाही, त्याच्यावरच शूट, संकलन आणि लाईव्ह यांचे ओझे चढले, आणि चौकशीला उसंत उरली नाही. वाचलेला वेळ बातमीला मिळाला असता तर ही तक्रारच नव्हती. यूट्यूबने नामवंतांना घर दिले, हे चांगलेच झाले. पण ज्याचा चेहरा कुणाला माहीत नाही त्या उपसंपादकाला, कॅमेरामनला, धाराशिवच्या किंवा गडचिरोलीच्या बातमीदाराला सदस्यसंख्या कोण देणार? यूट्यूबवर मत एकट्याने देता येते. भूसंपादनाची कागदपत्रे सहा महिने खणायला पगार लागतो आणि अंगावर दावा आला तर वकील लागतो. २०२३ मध्ये हिंदीत कृत्रिम निवेदिका आली, मे २०२४ मध्ये डीडी किसाननेही दोन यंत्रनिवेदक बसवले. यंत्र पहिल्यांदा निवेदकाच्या खुर्चीवर बसू शकले, कारण ती खुर्ची वाचण्यापुरतीच उरली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. भरतीच्या वर्षांत अनेक अर्धशिक्षित लोक आत आले, खंडणीखोर स्ट्रिंजरही होते, तेव्हा त्यांतले काही गेले तर बिघडले काय? असे लोक होते, यात शंका नाही. पण ते काढायचे तर गुणवत्ता पाहून काढायला हवे होते. कपातीच्या याद्यांत आधी महागडे, म्हणजे बहुधा अनुभवी, गेले. बातमी थांबवणारा, 'दुसरीकडून खात्री करून घे' म्हणणारा, तारीख आणि आडनाव तपासणारा मधल्या फळीतला माणूस गेला. खंडणीखोराला तर ही पोकळी मोकळे रानच ठरली, कारण पगार न देता बूम देणारी वाहिनी त्याला हवीच असते. मराठी न्यूजरूममधून सर्वांत शोकार्ह काय गेले असेल तर ही मधली फळी. तिच्याशिवाय नव्या बातमीदाराला शिकवणार कोण, आणि चुकीला अडवणार कोण?

म्हणून नव्या व्याख्येवर समाधान मानण्यात अर्थ नाही. वृत्तवाहिनीला परवानगी देताना केंद्र सरकार मालकाची किमान २० कोटींची निव्वळ मालमत्ता तपासते, किती पगारी बातमीदार, किती जिल्ह्यांत नेमणार हे मात्र विचारत नाही. हा प्रश्न विचारला तर सरकारचा हात संपादकाच्या टेबलापर्यंत पोचेल, अशी भीती घातली जाईल. ती रास्त आहे, आणि म्हणूनच नियम सरकारचा नको. आकडा वाहिन्यांनी स्वतः दरवर्षी जाहीर करावा: कायम किती, करारावर किती, बातमीमागे पैसे घेणारे किती, कोणत्या जिल्ह्यात एकही नाही. नावे नकोत, पगार नकोत, फक्त माणसे मोजा. स्वतःला 'महाराष्ट्राचा आवाज' म्हणवणाऱ्या वाहिनीला छत्तीस जिल्ह्यांपैकी किती जिल्ह्यांत पगारी माणूस आहे हे सांगायला संकोच वाटत असेल, तर जाहिरातदाराला आणि प्रेक्षकाला तेवढी माहिती पुरे आहे. ती मागण्याचे काम आता कायद्यात आलेल्या पत्रकारांच्या संघटनांचे आहे. २०१३ मध्ये शेजारच्या वाहिनीची कपात दाखवायला वाहिन्या धजावल्या नाहीत, आता निदान आपला आकडा तरी जाहीर करा, एवढेच हे मागणे आहे.