कारखाना बोरगावला, दारं गावोगावी

नागपूरहून इटारसीकडे जाताना पांढुर्णा, मग तिगाव आणि तिगाव सोडलं की चिचोंड्याचा घाट. घरात मराठी, कचेरीत हिंदी असा हा मुलूख संत्र्यासाठी ओळखला जातो. पण सौंसरकडे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची सुटिंगची गिरणी १९९१ पासून आहे. अशी गिरणी एकटी चालत नाही. रसायनं, सुटे भाग, पॅकिंग, ट्रक हे सगळं बाहेरून येतं आणि त्यातल्या प्रत्येकाचा संगणक कुठे ना कुठे मोठ्या कंपनीच्या संगणकाशी जोडलेला असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रेमंडने शेअर बाजाराला कळवलं, की आपल्या काही संगणकांवर सायबर हल्ला झाला. बाधित भाग वेगळा काढला आहे, मुख्य कामकाज सुरळीत आहे. त्याच्या काही आठवडे आधीच पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजने रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाल्याचं जाहीर केलं होतं.

रेमंडच्या निवेदनातला ‘वेगळा काढला’ हा तुकडा महत्त्वाचा. ते वेळेत जमलं नाही तर काय होतं, हे टाटांच्याच जॅग्वार लँड रोव्हरने दाखवलं. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस हल्ला झाला, कंपनीने स्वतःच यंत्रणा बंद केल्या आणि ब्रिटनमधलं उत्पादन ऑक्टोबर उजाडेपर्यंत ठप्प राहिलं. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड दिला; झळ बसलेल्या संस्था ५,००० हून अधिक. कंपनीला सावरायला ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी दिली. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांच्या संगणकांना धक्काही लागला नव्हता, पण ऑर्डरच थांबली. कामगारांचा पगार कशातून द्यायचा?

उलट्या दिशेनेही हेच होतं. २७ जून २०१७ ला पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. त्यातून मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याचं टर्मिनलही अडकलं. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नेटवर्क सांभाळणारे तिचे मुख्य सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे नेमकी वीज गेली होती. आयुष्यभर लोडशेडिंगला शिव्या घातलेल्या माणसाला हे वाचून जरा विचित्रच वाटतं. पण तोडगा त्यातच आहे: डेटाची एक प्रत अशी हवी, जी नेटवर्कला जोडलेलीच नाही. रोजचं काम संपलं की बाहेरची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि महिन्यातून एकदा तिच्यातून फायली परत उघडतात का ते बघायचं. हे दुसरं काम फारसं कोणी करत नाही.

लहान युनिटमध्ये टॅली, ई-वे बिल आणि मालकाच्या मुलाचे गेम बहुधा एकाच संगणकावर असतात. मशीन दुरुस्त करणाऱ्याला दुरून आत येता यावं म्हणून दिलेली वाट काम संपल्यावरही उघडीच राहते. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो आणि लाखाचं बिल भलत्याच खात्यात जातं. अशा वेळी मेलमधल्या नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावं. पैसे गेलेच तर तत्काळ १९३०.

आणि मोठ्या कंपन्यांबद्दल. पुरवठादाराकडून सुरक्षेचा वीस पानी फॉर्म भरून घेण्याचा त्यांना फार सोस. फॉर्म भरणारा मालकाचा तोच मुलगा. त्यापेक्षा स्वतःचा तंत्रज्ञ वर्षातून दोनदा पुरवठादाराच्या शेडमध्ये पाठवावा, उघड्या वाटा बंद कराव्यात, बॅकअप तपासावा आणि त्याचा खर्च पुरवठादाराच्या बिलातून कापू नये.