मोबाइल काढून घेऊ नका

कळंबोलीत मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. बऱ्याच मुलांचे वडील स्टील मार्केटात नाहीतर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. घरी यायला रात्र होते. मुलांच्या मोबाइलवरच्या भानगडी त्यांच्याआधी माझ्या कानावर येतात.

नववीतला एक मुलगा वर्गात डुलकी घेत असताना कुणीतरी फोटो काढला. रात्रीपर्यंत त्याचं स्टिकर झालं. पोरानं ग्रुपवर गृहपाठ विचारला तरी उत्तरात तेच स्टिकर, एकामागून एक. मग त्याला वगळून वेगळा ग्रुप निघाला. आईला कळलं तेव्हा तिनं पहिलं काय केलं, तर मोबाइल कपाटात कुलूपबंद! म्हणजे त्रास त्याला आणि शिक्षाही त्यालाच. पुढच्या वेळी तो घरी तोंड उघडेल का? शिवाय रागाच्या भरात चॅट उडवलं की पुरावाही जातो. आधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मग ब्लॉक, मग शाळा. इथे स्टिकर थांबलं ते मात्र वर्गातल्याच एका मुलीमुळे. तिनं ग्रुपवर लिहिलं, “बस झालं आता.” मला म्हणाली, “टीचर, एवढं लिहायलाही भीती वाटत होती.”

प्रत्येक टवाळी गुन्हा नसते. तरीही पालघरमध्ये 2012 साली एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाचा त्यात वापर झाला, ते आयटी कायद्याचं 66-अ सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं. बरंच झालं. स्टिकरची भांडणं शाळेनं आणि पालकांनीच मिटवायची.

मुलीचा चेहरा नग्न शरीराला जोडलेला फोटो, खोटं अकाउंट, धमक्या हे मात्र पोलिसांचं काम. आयटी कायद्याच्याच कलम 67-ब नुसार अल्पवयीनांचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हा. पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद. म्हणून ‘बघा काय चाललंय’ म्हणत ते पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. लिंक आणि अकाउंटचं नाव टिपून पोलीस ठाणं गाठा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा अश्लील चित्रांबद्दल नाव न देताही तक्रार करता येते. अल्पवयीनांचे असे फोटो हटवण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. फोटो मोबाइलबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून इन्स्टाग्रामसारखी सहभागी ॲप्स तो ओळखून काढून टाकू शकतात.

मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, चोवीस तास आणि फुकट. हा नंबर आजच मुलांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.